स्ट्रोबचा उजेड आणि व्ह्यूफाइंडरमधला अंधार

भिलाईच्या कॅम्प-१ सारख्या वस्तीतला एखादा फोटो स्टुडिओ डोळ्यांसमोर आणा. पुढे काउंटर, मागे दहा बाय पंधरा फुटांची खोली, भिंतीवर गुंडाळून वर बांधलेला पांढरा पडदा, एका स्टँडवर सॉफ्टबॉक्स, दुसऱ्यावर छत्री. पासपोर्टचे, लग्न जमवण्यासाठीचे, शाळेच्या दाखल्याचे, कारखान्यातून निवृत्त होणाऱ्यांचे असे सगळे फोटो याच खोलीत निघतात. मालकाने जुना डीएसएलआर बाजूला ठेवून नवा मिररलेस कॅमेरा घेतला आहे. वर्षानुवर्षांच्या सवयीने तो शटर १/१२५, ॲपर्चर एफ ८ आणि आयएसओ १०० लावतो, ट्रिगर बसवतो आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावतो. समोर काळोख. गिऱ्हाईक स्टुलावर बसलेले, दिवे चालू, पण व्ह्यूफाइंडरमध्ये चेहऱ्याचा पत्ता नाही.

पहिला संशय कॅमेऱ्यावर जातो. खरे तर कॅमेरा ठणठणीत आहे आणि तो जे दाखवतो आहे ते खरेच आहे. या आकड्यांवर, फ्लॅश न उडता चित्र घेतले, तर ते असेच काळे येईल. गल्लत एवढीच, की स्टुडिओत चित्र घडवणारा प्रकाश वेगळा असतो आणि व्ह्यूफाइंडरला दिसणारा प्रकाश वेगळा. हा भेद एकदा मनात पक्का बसला, की इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर स्ट्रोबसोबत अडचण न ठरता जुन्या व्ह्यूफाइंडरपेक्षा उपयोगी पडतो. या प्रकरणात तो भेद नीट समजून घेऊ.

आरसा गेला, पडदा आला

मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिचंद चिंतामण यांच्यासारखे पहिल्या पिढीतले व्यावसायिक छायाचित्रकार तिथूनच तयार झाले. त्या काळातला स्टुडिओ म्हणजे मोठ्या खिडक्यांची, बहुधा काचेच्या छपराची खोली. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर उलटी पडलेली प्रतिमा काळ्या कापडाखाली डोके घालून जुळवायची, मग तिथे प्लेट सरकवायची. प्लेट बसली की प्रतिमा दिसेनाशी व्हायची. प्रत्यक्ष चित्र उमटताना छायाचित्रकाराला भिंगातून काहीच दिसत नसे.

पुढे प्रकाश बदलला. १८८७ च्या सुमारास जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आली, १९२९-३० मध्ये फ्लॅश बल्ब आले आणि त्यानंतर लगेचच अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायू भरलेल्या नळीतून पुन्हा पुन्हा उडवता येणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकसित केला. आजचा स्टुडिओ स्ट्रोब त्याच घराण्यातला.

कॅमेऱ्याचा डोळाही बदलत गेला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी निकॉन एफ हा कॅमेरा बाजारात आला आणि एसएलआर हा व्यावसायिकांचा मुख्य कॅमेरा होण्याची वाट मोकळी झाली. एसएलआरमध्ये भिंगातून आलेला उजेड आरशावरून आणि प्रिझममधून थेट डोळ्यांत येतो. खोलीत जेवढा उजेड, तेवढा व्ह्यूफाइंडरमध्ये. शटर आणि आयएसओ काहीही असोत, दिसण्यात फरक पडत नाही. चित्र पाहताना भिंगाचे ॲपर्चरही पूर्ण उघडे राहते. म्हणून मिणमिणत्या दिव्यातही चेहरा दिसतो.

२००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी १ आला. भिंग बदलता येणारा आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर असलेला हा पहिला मिररलेस. २०१३ मध्ये सोनीने ए ७ मालिका आणली, २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन आपापल्या आर आणि झेड मालिका घेऊन उतरले. आता आरसा उरला नाही. सेन्सरला जे दिसते ते कॅमेऱ्यातला संगणक एका चिमुकल्या पडद्यावर उमटवतो आणि आपण तो पडदा भिंगातून पाहतो. मॅन्युअलवर असताना बहुतेक कॅमेरे ती प्रतिमा तुम्ही लावलेल्या शटर, ॲपर्चर आणि आयएसओनुसार उजळ किंवा काळी करून दाखवतात. उन्हात, लग्नाच्या मांडवात, रस्त्यावर हे वरदान आहे. चित्र कसे येणार ते आधीच कळते. स्टुडिओत मात्र कॅमेऱ्याच्या हिशेबात स्ट्रोब धरलेलाच नसतो, कारण तो अजून उडालेला नसतो.

अडीचशे पटींचा फरक

काळोख इतका गडद का, हे आकड्यांनी पाहू. स्ट्रोबमध्ये दोन दिवे असतात. एक मॉडेलिंग लॅम्प, सतत जळणारा. दुसरी झेनॉन वायूची नळी, क्षणभर उडणारी. कपॅसिटरमध्ये वीज भरत राहते, जशी गच्चीवरची टाकी बारीक धारेने भरते, आणि ट्रिगर दाबताच ती सगळी एका दमात नळीतून ओतली जाते.

समजा मॉडेलिंग लॅम्प १५० वॅटचा हॅलोजन आहे. शटर १/१२५ सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्या वेळात तो दिवा १५० भागिले १२५, म्हणजे १.२ ज्यूल वीज खर्च करतो. ३०० वॅट-सेकंदांचा स्ट्रोब पूर्ण ताकदीने उडाला, तर त्याच उघडझापीत ३०० ज्यूल खर्च होतात. फरक अडीचशे पटींचा. दर स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो, म्हणून अडीचशे पट म्हणजे जवळपास आठ स्टॉप. झेनॉनची नळी हॅलोजनपेक्षा विजेचा जास्त भाग उजेडात बदलते, तेव्हा प्रत्यक्षातला फरक याहूनही मोठा. आठ स्टॉप कमी पडलेले चित्र म्हणजे काळा चौकोनच.

खोलीतल्या ट्यूबलाइटचेही तसेच. साधारण उजळ खोलीतला प्रकाश एफ ८, १/१२५ आणि आयएसओ १०० यांना जेवढा हवा त्याच्या सुमारे एक चौसष्टांश असतो, म्हणजे सहा स्टॉप कमी. म्हणूनच स्टुडिओत ट्यूब चालू राहिली तरी चित्रावर तिचा परिणाम जाणवत नाही.

एक सोय, दोन कामे

यावरचा उपाय प्रत्येक कंपनीने दिला आहे, फक्त नावे वेगळी. सोनीमध्ये लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेखाली 'सेटिंग इफेक्ट ऑफ'. कॅननमध्ये 'एक्स्पोजर सिम्युलेशन' बंद. निकॉनमध्ये 'अप्लाय सेटिंग्ज टू लाइव्ह व्ह्यू' बंद. फुजीमध्ये मॅन्युअलसाठीचा एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सचा प्रिव्ह्यू बंद. पॅनासॉनिकमध्ये 'कॉन्स्टंट प्रिव्ह्यू' बंद. ही सोय, म्हणजे लावलेल्या आकड्यांचा प्रिव्ह्यू, बंद केली की कॅमेरा तुमच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करतो आणि प्रतिमा डोळ्यांना बरी दिसेल इतकी आपोआप उजळ करतो.

काही कॅमेरे माथ्यावरच्या हॉट शूवर फ्लॅश बसलेला ओळखतात आणि स्वतःहून प्रिव्ह्यू सोडून देतात. पण त्यासाठी ट्रिगरने कॅमेऱ्याशी बोलायला हवे. मधला एकच खिळा असलेला साधा ट्रिगर फक्त 'उडव' एवढाच निरोप पोहोचवतो, आपण फ्लॅश आहोत हे कॅमेऱ्याला सांगत नाही. बाजारातल्या स्वस्त ट्रिगरवर काळोख दिसण्याचे हेच कारण.

इथे एक धोका आहे. प्रिव्ह्यू बंद असताना व्ह्यूफाइंडरमधल्या उजेडाला काही अर्थ राहत नाही. सॉफ्टबॉक्स एक मीटरवरून १.४ मीटरवर सरकवला तर चेहऱ्यावरचा प्रकाश निम्मा होतो. एफ ८ चे चित्र आता एफ ५.६ वर घ्यावे लागेल. पण व्ह्यूफाइंडरमध्ये हे कळणार नाही, कारण कॅमेरा प्रतिमा पुन्हा उजळ करून तुमच्यापुढे ठेवील. चित्र घेण्याआधी दिसणारा हिस्टोग्रामही फक्त मॉडेलिंग लॅम्पचा असतो, स्ट्रोबचा नव्हे. प्रकाश किती हे ठरवायचे ते फ्लॅश मीटरने किंवा एक चाचणी फ्रेम घेऊन, तिचा हिस्टोग्राम पाहून.

मग व्ह्यूफाइंडर कशासाठी? प्रकाश कुठून येतो आणि सावली कुठे पडते हे पाहण्यासाठी. नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या मुलीचे छायाचित्र घ्यायचे आहे. मुख्य दिवा तिच्या डावीकडे, उंचावर. व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा मोठी करून पाहा. नथीची सावली वरच्या ओठावर उतरली आहे, मोत्यांच्या झुबक्याची काळी ठिपकी ओठाच्या कडेला चिकटली आहे. दिवा वीतभर खाली घ्या, थोडा समोर आणा. सावली नाकाजवळ आक्रसते आणि ओठ मोकळा होतो. आता डोळ्यांकडे पाहा. सॉफ्टबॉक्सचे चौकोनी प्रतिबिंब बुबुळाच्या वरच्या बाजूला आले की नजर जिवंत वाटते. ते खाली घसरले किंवा दिसेनासे झाले, तर डोळे निस्तेज दिसतात. एसएलआरमध्येही हे दिसे, पण इतके मोठे करून, चित्र घेण्याच्या क्षणापर्यंत डोळा न हलवता पाहता येत नसे.

त्यासाठी एक पथ्य पाळायला हवे. दोन स्ट्रोब वेगवेगळ्या ताकदीवर असतील, तर त्यांचे मॉडेलिंग लॅम्पही त्याच प्रमाणात मंद-प्रखर व्हायला हवेत. बऱ्याच स्ट्रोबमध्ये प्रमाणशीर मॉडेलिंगची सोय असते, ती चालू ठेवा. दोन्ही दिवे पूर्ण जळत असतील तर सावलीची जागा बरोबर दिसेल, पण तिची गडदता खोटी दिसेल.

डोळा फोकसवर

मिररलेसचा फोकस सेन्सरवरच ठरतो आणि अनेक कॅमेरे चेहरा, डोळा ओळखून त्यावर फोकस धरतात. स्टुडिओतल्या कामाला ही मोठी मदत आहे. पण सेन्सरला फोकससाठी उजेड लागतो. मॉडेलिंग लॅम्प मंद असेल तर व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा दाणेदार होते, पडदा अडखळत चालतो आणि फोकस मागे-पुढे चाचपडतो. काही कॅमेरे लावलेल्या ॲपर्चरवरच फोकस शोधतात. एफ ११ वर उजेड आणखी कमी पोहोचतो आणि अडचण वाढते.

यावर सर्वात साधा उपाय म्हणजे मॉडेलिंग लॅम्प पूर्ण प्रखर करणे किंवा खोलीत एक एलईडी दिवा लावून ठेवणे. एफ ८ आणि आयएसओ १०० वर त्याचा उजेड चित्रात उतरत नाही, हे आपण वर पाहिलेच. शिवाय उजेडात बाहुल्या लहान होतात आणि बुबुळाचा रंग जास्त दिसतो, हा फायदा वेगळाच.

रंग, पट्टे आणि शटर

हॅलोजनचा उजेड ३२०० केल्विनच्या आसपास, पिवळसर तांबूस. स्ट्रोबचा साडेपाच हजारांच्या घरात, दिवसाच्या उजेडासारखा. व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये माणूस केशरी दिसतो. त्याला भुलून व्हाइट बॅलन्स बदलू नका. तो बदललात तर चित्र निळे पडेल. ऑटो व्हाइट बॅलन्सही स्टुडिओत टाळावा, नाहीतर दर फ्रेमला त्वचेचा रंग थोडा थोडा बदलत राहतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या ट्यूब आणि काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. व्ह्यूफाइंडरमध्ये त्याचे सरकते पट्टे दिसतात. स्ट्रोबच्या चित्रात ते उमटत नाहीत, कारण तिथे ट्यूबचा वाटाच नगण्य असतो.

शटरच्या बाबतीत मात्र व्ह्यूफाइंडर तुम्हाला सावध करत नाही. फोकल प्लेन शटरमध्ये दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडतो, दुसरा मागून येऊन झाकतो. संपूर्ण सेन्सर एकाच वेळी उघडा राहतो तो सिंक स्पीडपर्यंतच, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० पर्यंत. त्यापुढे गेलात तर चित्राच्या एका बाजूला काळी पट्टी येते. रेडिओ ट्रिगर किंचित उशीर करतो, म्हणून १/१२५ किंवा १/१६० वर राहणे शहाणपणाचे.

'फ्लॅशच उडत नाही' ही तक्रार आली तर आधी मूक शटर बंद आहे का ते पाहा. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत ते वाचन इतके संथ असते की स्ट्रोबशी त्याचा मेळ बसत नाही. अशा कॅमेऱ्यांत तेव्हा फ्लॅश उडतच नाही. ही मर्यादा आता सुटू लागली आहे. २०२१ चा निकॉन झेड ९ यांत्रिक शटरशिवायच १/२५० वर फ्लॅश चालवतो. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनीच्या ए ९ थ्रीमध्ये सगळा सेन्सर एकदम वाचला जातो, त्यामुळे सिंक स्पीडची अट जवळपास गळूनच पडली आहे.

जुना स्ट्रोब सेकंडहँड घेतला असेल, तर तो केबलने थेट नव्या कॅमेऱ्याला जोडू नका. काही जुन्या दिव्यांच्या सिंक टोकांवर शेकडो व्होल्ट असतात आणि त्याने कॅमेऱ्यातले सर्किट जळू शकते. मध्ये रेडिओ ट्रिगर ठेवा. आणि स्ट्रोब बंद केला तरी कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज शिल्लक राहते, म्हणून तो घरी उघडून बसू नका.

काळोखाचाही उपयोग

आता ज्या काळोखाने सुरुवातीला अडवले त्याच्याकडे पुन्हा पाहू. प्रिव्ह्यू चालू असताना व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसतो, याचा अर्थ खोलीतला कोणताही परका उजेड चित्रात शिरणार नाही. पूर्वी हे तपासायला स्ट्रोब बंद करून एक फ्रेम घ्यावी लागे. आता डोळा लावताच ताळा मिळतो.

आकडे बदलून पाहा. ॲपर्चर एफ २.८, शटर १/६०, आयएसओ ४०० करा. ॲपर्चरचे तीन, शटरचा एक, आयएसओचे दोन, असे सहा स्टॉप वाढले. तीच ट्यूबलाइटची खोली आता व्ह्यूफाइंडरमध्ये स्वच्छ उजळ दिसेल आणि चित्रातही तेवढीच उतरेल. ट्यूबचा हिरवट उजेड आणि स्ट्रोबचा पांढरा उजेड एकाच गालावर मिसळतील. हे चित्र घेण्याआधीच दिसते, ही इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरची मोठी देणगी आहे.

कधीकधी हा बाहेरचा उजेड मुद्दाम हवा असतो. निवृत्त होणाऱ्या पोलाद कामगाराचे छायाचित्र काचेच्या दाराशी घ्यायचे आहे आणि मागे संध्याकाळच्या बाजाराचे दिवे हवे आहेत. इथे एक नियम कामी येतो. मागच्या उजेडावर शटर चालते, चेहऱ्यावरच्या स्ट्रोबवर चालत नाही, कारण स्ट्रोबचा झोत शटर उघडे असतानाच, साधारण १/१००० सेकंदाच्या आसपास, संपूनही जातो. ॲपर्चर आणि आयएसओ दोघांवरही चालतात. म्हणून आधी प्रिव्ह्यू चालू ठेवा आणि मागचे दिवे व्ह्यूफाइंडरमध्ये हवे तितके उजळेपर्यंत शटर मंद करत जा. १/६०, १/३०, प्रसंगी १/१५, कॅमेरा ट्रायपॉडवर. मग चेहऱ्यासाठी स्ट्रोबची ताकद चाचणी फ्रेमने ठरवा. शटरला हात लावू नका. अर्धे चित्र तुम्ही आधीच पाहिलेले असते, उरलेले अर्धे स्ट्रोब भरतो.

डोळ्यासमोरच ताळा

स्ट्रोबचा उजेड भिंगातून थेट कधीच दिसत नाही. एसएलआरमध्ये नेमक्या त्या क्षणी आरसा वर असतो. मिररलेसमध्ये सेन्सर तेव्हा चित्र टिपण्यात गुंतलेला असतो. फरक पुढच्या क्षणी पडतो. मिररलेसमध्ये घेतलेले चित्र त्याच व्ह्यूफाइंडरमध्ये दोन सेकंद दाखवण्याची सोय आहे. डोळा न काढता पापणी मिटली का, नथीची सावली कुठे पडली, पांढरा पडदा करडा तर आला नाही ना, हे कळते. पासपोर्टच्या फोटोत हे फार कामाचे आहे. मागच्या पांढऱ्या पडद्यावरचा प्रकाश चेहऱ्यापेक्षा सुमारे एक स्टॉप जास्त हवा आणि ते प्रमाण चाचणी फ्रेमशिवाय ठरत नाही. मात्र अंधाऱ्या खोलीत व्ह्यूफाइंडरचा तो चिमुकला पडदा असतो त्यापेक्षा उजळ भासतो. उजेडाचा निवाडा हिस्टोग्रामवर करा, नजरेवर नको.

कामाचा क्रम असा ठेवा. आकडे लावा आणि प्रिव्ह्यू चालू ठेवून काळोख आहे का ते पाहा. प्रिव्ह्यू बंद करा, दिव्यांची जागा, सावल्या आणि फोकस जुळवा. चाचणी फ्रेम घ्या, हिस्टोग्राम पाहा, स्ट्रोबची ताकद ठरवा. मग निर्धास्तपणे काम करा. प्रिव्ह्यू चालू-बंद करण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत एखाद्या बटणावर किंवा नेहमीच्या मेनूत ठेवता येते. ती आजच तिथे बसवा आणि घरातल्या कुणालातरी स्टुलावर बसवून हा क्रम एकदा पुरता करून पाहा. कॅमेरा महागातला असो वा जुना, स्टुडिओ मुंबईत असो वा भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये, या दोन प्रकाशांचा हिशेब ज्याला जमला त्याच्या चित्रात चेहरा नीट उतरतो.